धाता संवत्सराचा दुष्काळ

शके १७९८ या वर्षाचें संवत्सर-नाम ‘धाता’ असें होतें. धाता म्हणजे धारण करणारा, पोसणारा. त्या पाडव्याला कडुनिंबाचीं पानें तोंडांत टाकून ज्यांनीं उपाध्यायाकडून पंचांगांतील वर्षफल ऐकलें असेल, त्यांना या नांवांत अशुभ असें कांहीं दिसलें नसेल. परंतु पुढें दक्षिणेंतील तेलुगु व तमिळ मुलखांत हेंच नांव दुष्काळाचें विशेषनाम होऊन बसलें. इंग्रजी कालगणनेप्रमाणें तें १८७६ साल होय. महाराष्ट्राच्या पठारावर, कर्नाटकांत, म्हैसूर व हैदराबाद संस्थानांत आणि मद्रास इलाख्यांत त्या वर्षीं पावसानें पाठ फिरवली, आणि दुसऱ्या वर्षींही तो वेळेवर परतला नाहीं. ब्रिटिश हद्दींतील जिल्ह्यांत या दोन-अडीच वर्षांच्या अवधींत नेहमींच्या मृत्यूंहून अधिक अशीं सुमारें साडेबावन्न लक्ष माणसें मेलीं, असा अंदाज खुद्द सरकारनें नेमलेल्या कमिशननें १८८० मध्यें केला. हा आंकडा याहूनही मोठा असावा असें पुढील कित्येक अभ्यासकांचें मत आहे.

आज दीडशें वर्षांनंतर या दुष्काळाकडे पुन्हां वळून पाहण्यास एक कारण आहे. पृथ्वीची हवा तापत चालली आहे, आणि तिचे कांहीं परिणाम आतां टळणारे नाहींत, असें शास्त्रज्ञ सांगत आहेत. सुशिक्षित घरांतून ‘आतां होणार तें होणारच’ हे उद्गार ऐकूं येऊं लागले आहेत. हे उद्गार नवे नाहींत. १८७७ सालीं तेच व्हाइसरॉयच्या कचेरींतून, लंडनच्या मासिकांतून आणि वेधशाळांतूनही निघत होते. त्या वेळीं त्यांत खरें किती होतें आणि सोयीचें किती होतें, हें आतां कागदपत्रांच्या आधारें बरेंचसें सांगतां येतें.

दख्खनच्या शेतकऱ्याची स्थिति त्या पावसाळ्याच्या आधींच खालावलेली होती. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हां सावकारांनीं हात सैल सोडून कर्जें दिलीं. युद्ध संपलें, भाव कोसळला, कर्जें मात्र राहिलीं. त्यांतच नव्या पाहणीनें सारा वाढला. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांच्या वह्या-खतें काढून जाळलीं आणि हें लोण आसपासच्या गांवीं पसरलें. म्हणजे १८७६ चा पावसाळा ज्या घरांवर आला, त्या घरांतील पेवें अगोदरच रिकामीं होत आलीं होतीं. मृगानें फसवलें तरी शेतकरी हस्ताची वाट पाहतो. हत्ती बरसला तर शाळू हातीं लागतो. त्या वर्षीं हस्तही कोरडा गेला. खानदेश, नाशिक, अहमदनगर, पुणें, सोलापूर, सातारा, बेळगांव, धारवाड आणि कलादगी या नऊ जिल्ह्यांत दिवाळीच्या सुमारास गुरें विकायला निघालीं. कडबा नाहीं म्हणून घेणारेही नव्हते. लोक कोंकणांत उतरले, वऱ्हाडाकडे वळले, निजामच्या मुलखांत शिरले. तेथेंही कित्येकांना तीच कोरडी जमीन भेटली.

पाऊस कां आला नाहीं, याचें उत्तर त्या वेळीं कोणाजवळच नव्हतें. तें आज बऱ्याच अंशीं उपलब्ध आहे. प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय भागांत वारे एरव्हीं पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि तापलेलें पाणी इंडोनेशियाच्या बाजूस लोटतात. त्या उबदार पाण्यावरची हवा वर चढते, ढग जमतात, आणि या सर्व व्यवहाराचा लाभ हिंदी महासागरावरून येणाऱ्या आपल्या मोसमी वाऱ्यांना होतो. कांहीं वर्षीं हे पूर्वेचे वारे मंदावतात, उबदार पाणी दक्षिण अमेरिकेच्या दिशेनें सरकतें, आणि हवा वर चढण्याची जागाही त्याच्याबरोबर सरकते. मग हिंदुस्थानावर हवा वर चढण्याऐवजीं खालीं दबूं लागते, आणि ढगांना धर राहत नाहीं. पेरू देशांतील कोळी नाताळच्या सुमारास येणाऱ्या या उबदार प्रवाहाला ‘एल निनो’, म्हणजे बाळ येशू, म्हणत. १८७७-७८ मधील एल निनो ज्ञात इतिहासांतील सर्वांत प्रबळ अशांपैकीं एक होता, आणि त्याच वेळीं हिंदी महासागर व उत्तर अटलांटिक यांचीं पाणीही अनुकूल नव्हतीं, असें अलीकडील संशोधन सांगतें. त्यामुळें दुष्काळ हिंदुस्थानापुरता राहिला नाहीं. उत्तर चीनमध्यें कित्येक लक्ष लोक मेले. ब्राझिलच्या सिआरा प्रांतांतून माणसांचे तांडे समुद्रकिनाऱ्याकडे निघाले. इजिप्तमध्यें नाइल नदीला नेहमींचा पूर आला नाहीं. सोलापूरच्या शेतकऱ्याला याची वार्ताही नव्हती.

तेव्हां अनावृष्टि अटळ होती, हें निर्विवाद. पुण्याचा ब्राह्मण, सोलापूरचा कलेक्टर किंवा कलकत्त्याचा लाटसाहेब यांपैकीं कोणीही ती टाळूं शकला नसता. परंतु अनावृष्टि म्हणजे मरण नव्हे. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनीं सरकारी कोठारें उघडून दिल्याची कथा महाराष्ट्रांत शतकानुशतकें सांगितली जाते. तीमधील चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी लोकांनीं त्या कथेंत काय जपून ठेवलें आहे तें स्पष्ट आहे: पाऊस नसतांना गांवांत धान्य असूं शकतें, आणि तें कोणाच्या तरी कुलुपाखालीं असतें.

कथा तर राहोच. ताजें उदाहरण सरकारच्या दफ्तरांत होतें. १८७३-७४ सालीं बिहार व बंगाल्यांत पाऊस चुकला. तेथील अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनीं ब्रह्मदेशांतून लक्षावधि टन तांदूळ आणवला, कामें काढलीं, घरोघर चौकशी केली, आणि भुकेनें मेलेल्यांची संख्या जवळजवळ नगण्य राहिली. हें यश पाहून त्यांचा गौरव व्हावयास हवा होता. झालें उलटें. इतका पैसा कां उधळला, म्हणून लंडनच्या व कलकत्त्याच्या पत्रांनीं त्यांच्यावर झोड उठवली. टेंपल हे हुषार गृहस्थ होते, आणि वरिष्ठांची मर्जी कोणत्या दिशेला आहे हें त्यांना चटकन् कळे. १८७७ च्या जानेवारींत व्हाइसरॉय लिटन यांनीं दुष्काळी मुलखाच्या पाहणीसाठीं ज्यांना पाठवलें ते हेच टेंपल. पण आतां ते काटकसरीचे पुरस्कर्ते होऊन आले.

धोरण ठरलेलें होतें. धान्याच्या व्यापारांत सरकारनें हात घालावयाचा नाहीं. भाव वाढले कीं माल आपोआप येईल. मद्रास सरकारनें तीस हजार टन धान्य गुपचूप खरेदी केलें होतें, त्याबद्दल त्याची कानउघाडणी झाली. माल आलाही. रेल्वेनें सोलापुरास धान्याचीं पोतीं उतरलीं. परंतु ज्याच्या हातांत मजुरी नाहीं त्याला बाजारांत पोतें दिसून काय उपयोग? उलट जेथें पीक बरें आलें होतें तेथील धान्यही रेल्वेनें महागांत जाणाऱ्या बाजारपेठेकडे ओढलें, आणि महागाई दूरवर पसरली. त्याच काळांत हिंदुस्थानांतून इंग्लंडास जाणारा गहू मात्र थांबवला गेला नाहीं.

मजुरीसाठीं सरकारी कामें होतीं. रस्ते, तलाव, रेल्वेचे बांध. दौंड-मनमाड रेल्वेमार्गाचें मातीकाम बऱ्याच अंशीं याच दुष्काळी मजुरांनीं केलें, आणि तो मार्ग १८७८ सालीं सुरू झाला. सोलापूर जिल्ह्यांत माढें तालुक्यांत आष्टीचा तलाव खणावयास लागले तेही याच दिवसांत. आज मनमाडकडे जाणाऱ्या गाडींत बसलेल्या प्रवाशाच्या खालीं जो भराव आहे, तो कोणीं घातला याची पाटी कोठें लावलेली नाहीं. या कामांवर टेंपलसाहेबांच्या शिफारशीवरून जी मजुरी ठरली ती अशी: पुरुषाला रोजीं एक रत्तल धान्याची किंमत आणि वर फार तर एक आणा. एक रत्तल म्हणजे जवळजवळ साडेचारशें ग्रॅम. दिवसभर दगड फोडणाऱ्या माणसाला एवढें पुरतें कीं नाहीं, हा प्रश्न शास्त्राचा आहे असें टेंपल म्हणत, आणि पुरेल असें गृहीत धरून प्रयोग करून पाहण्यास हरकत नाहीं असें त्यांचें मत होतें. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीं याला कडाडून विरोध केला. तुरुंगांतील कैद्यालाही याहून अधिक मिळतें, हा त्यांचा आक्षेप होता. शिवाय मोठीं कामें मुद्दाम लांब ठेवावींत, म्हणजे ज्याला खरीच गरज आहे तोच तेथवर चालत येईल, अशीही योजना होती. अशक्त माणसाची गरज ओळखण्यासाठीं त्याला दहा मैल चालावयास लावणें, ही कल्पना ज्यांना सुचली त्यांना ती क्रूर वाटली नसावी, कारण ते घोड्यावर बसून जात.

येथें या इतिहासांतील सर्वांत विलक्षण गोष्ट घडली. मजुरी कमी केल्याचें कळतांच मुंबई इलाख्यांतील कामांवरचे लोक काम सोडून घरीं निघाले. त्यांची संख्या लाखाच्या घरांत होती. उपाशी माणूस संप करतो, ही गोष्ट सरकारी अधिकाऱ्यांच्या डोक्यांत शिरेना. कोणीतरी चिथावलें असेल, असें त्यांनीं ठरवलें. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें मजुरांची बाजू उचलून धरली होती, हें खरें. ही सभा १८७० सालीं स्थापन झाली होती. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हे तिचे प्राण होते आणि महादेव गोविंद रानडे यांची बुद्धि तिच्या कागदपत्रांच्या पाठीशीं होती. परंतु सभेनें लोकांना उपास शिकवला नव्हता. तिनें गांवोगांवची हकीकत मिळवली, भाव, मजुरी, स्थलांतर, गुरांची स्थिति यांचीं टिपणें केलीं, आणि तीं एकामागून एक सरकारकडे धाडलीं. एक रत्तलावर माणूस जगत नाहीं, हें तिनें आंकड्यांनीं मांडलें. या टिपणांची भाषा अत्यंत सौम्य आहे. विनंति, नम्र निवेदन, सरकारच्या दयाळूपणाविषयीं विश्वास, हें सारें त्यांत आहे; आणि त्याखालीं एक गोष्ट न हलणारी आहे, ती ही कीं, रयत मरते आहे ती पावसामुळें मरते असें म्हणून सरकारला सुटतां येणार नाहीं.

१ जानेवारी १८७७ रोजीं दिल्लीस मोठा दरबार भरला आणि व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करण्यांत आलें. हत्ती, तोफा, मेजवान्या यांना तोटा नव्हता. त्या झगमगाटांत सार्वजनिक काका हातानें काढलेल्या सुताचे जाडेभरडे कपडे घालून सभेच्या वतीनें उपस्थित राहिले. खादीचें नांवही देशांत पुढें चाळीस वर्षांनीं गाजावयाचें होतें. काकांच्या पोशाखाकडे कांहीं लोकांनीं थट्टेनें पाहिलें असेल. पण त्या दिवशीं दरबारांत दुष्काळाची आठवण देणारी तेवढी एकच वस्तु होती असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां ‘अटळ’ या शब्दाकडे येऊं. १८७७ च्या नोव्हेंबरांत लंडनच्या एका मासिकांत सूर्यावरील डाग आणि दुष्काळ या विषयावर लेख आला. लेखक होते प्रख्यात ज्योतिर्विद नॉर्मन लॉकयर आणि हिंदुस्थान सरकारचे संख्याशास्त्राधिकारी विल्यम हंटर. सूर्यावरील डाग सुमारें अकरा वर्षांच्या आवर्तनानें कमी-अधिक होतात. डाग कमी असतां मद्रासकडे पाऊस कमी पडतो व दुष्काळ येतो, असें त्यांचें म्हणणें. कल्पना मूर्खपणाची नव्हती. प्रामाणिक शास्त्रज्ञांनीं ती मांडली होती, आणि खरी ठरती तर दुष्काळाचें भाकित करतां आलें असतें. पुढें ती टिकली नाहीं. पण तिचा उपयोग ज्या रीतीनें झाला तो लक्षांत घेण्यासारखा आहे. दुष्काळाचें कारण नऊ कोटि मैलांवर असेल तर कलेक्टरच्या कचेरींत त्याचा शोध कोण घेणार? सूर्याला आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलें कीं साऱ्याचा दर, सावकाराचा हुकूमनामा, एक रत्तलाची मजुरी आणि गव्हाची निर्यात हीं सर्व आपोआप निर्दोष सुटतात. ज्यांना शास्त्राची फारशी आवड नव्हती त्यांनाही त्या वर्षीं सूर्याच्या डागांविषयीं एकदम कुतूहल उत्पन्न झालें, तें याच कारणानें.

१८७८ सालीं पाऊस आला, आणि तोही मर्यादा सोडून. हाडांचे सांपळे झालेल्या लोकांत हिवताप शिरला आणि दुष्काळानें सोडलेलीं माणसें त्यानें नेलीं. १८७९ सालीं पिकें उभीं राहिलीं, तर पुणें, नगर, सोलापूर या भागांत उंदरांनीं शेतें खाऊन टाकलीं. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत वासुदेव बळवंत फडके यांनीं बंड पुकारलें. दुष्काळी मुलखांत आपण जें पाहिलें त्यानें आपलें मन पेटलें, असें त्यांनीं आपल्या आत्मवृत्तांत नमूद केलें आहे. सरकारनें पुढील दुष्काळांसाठीं म्हणून दरसाल दीड कोटि रुपये बाजूला काढण्याचें जाहीर केलें आणि त्यासाठीं नवे कर बसवले. कर वसूल झाले. पैसे मात्र बऱ्याच अंशीं अफगाणिस्तानच्या स्वारीकडे वळले. संकट येणार हें कबूल करणें आणि त्याची तरतूद करणें या दोन निराळ्या गोष्टी आहेत, याचें असें उदाहरण दुसरें सांपडणें कठीण.

तरीही सर्व व्यर्थ गेलें असें नाहीं. रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ कमिशननें १८८० मध्यें जो अहवाल दिला, त्यांत एक गोष्ट स्वच्छ लिहिली गेली. देशांत एकंदर धान्य कमी नव्हतें. शेतकाम थांबल्यानें मजुरांच्या हातीं धान्य विकत घेण्याइतका पैसा उरला नव्हता. सार्वजनिक सभा जें तीन वर्षें सांगत होती, तें आतां सरकारी छापखान्यांतून बाहेर पडलें. त्यावरून १८८३ सालीं दुष्काळाचे नियम, ज्याला ‘फॅमिन कोड’ म्हणत, तयार झाले. हें पुस्तक रुक्ष आहे. पण त्यांतील एक भाग आजही वाचनीय आहे. दुष्काळ जवळ आला हें अधिकाऱ्यानें कशावरून ओळखावें, याचीं लक्षणें तेथें दिलीं आहेत. सावकार कर्ज देईनासे होतात. दानधर्म आटतो. धान्याच्या पेठेंत एकाएकीं धावपळ सुरू होते. चोऱ्या वाढतात. गुरांचे कळप भलत्याच दिशेनें जाऊं लागतात, आणि त्यांच्या मागोमाग माणसें. एवढें दिसलें कीं वाट न पाहतां परीक्षेपुरतीं कामें काढावींत. लोक आले तर तीं वाढवावींत. आकाशाकडे न पाहतां गांवाच्या वाटेकडे पाहण्याची ही आज्ञा होती.

नियम छापून झाले म्हणजे पाळले जातात असें नाहीं. १८९६ सालीं पुन्हां पाऊस चुकला. तेव्हां लोकमान्य टिळकांनीं हे नियम मराठींत आणले, ‘केसरी’नें ते समजावून दिले, आणि सार्वजनिक सभेचे लोक खेड्यापाड्यांत जाऊन सांगूं लागले कीं, हें भीक मागणें नव्हे, सरकारनें स्वतःच्या कायद्यानें तुम्हांस काम देण्याचें व साऱ्याची सूट देण्याचें कबूल केलें आहे, तें मागा. हें सांगणाऱ्यांवर खटले भरले गेले. १८९७ सालीं सरकारनें सभेची मान्यता काढून घेतली. दुष्काळाचे नियम लोकांना वाचून दाखवणें हा अपराध ठरला, यावरून त्या नियमांत कांहींतरी बळ होतें हें उघड आहे.

दरम्यान हवेचें शास्त्र आपल्या वाटेनें चाललें होतें. हेन्री ब्लॅनफर्ड हे १८७५ पासून हिंदुस्थानच्या हवामानखात्याचे पहिले प्रमुख. दुष्काळाच्या काळांत आशियाच्या मोठ्या भागावर वायुभारमापकांतील पारा चढलेला होता, हें त्यांनीं ताडलें. हिमालयावर बर्फ अधिक पडलें तर पुढें पाऊस कमी होतो, हें अनुमान त्यांनीं १८८४ मध्यें मांडलें, आणि त्यावरून मोसमाचीं भाकितें निघूं लागलीं. त्यांच्या मागून आलेल्या जॉन इलियट यांनीं १८९९ सालीं पाऊस सरासरीहून चांगला पडेल असें भाकित केलें. त्या वर्षीं जो दुष्काळ पडला त्याला राजस्थान-गुजराथेंत ‘छपन्न्या’ म्हणतात, आणि त्याचें नांव काढल्यावर तेथील म्हातारीं माणसें गप्प होत. या अपयशानंतर आलेल्या गिल्बर्ट वॉकर या गणितज्ञानें जगभरच्या निरीक्षणांचा ढिगारा उपसला आणि प्रशांत व हिंदी महासागरांवरील वायुभार तराजूच्या दोन पारड्यांप्रमाणें वरखालीं होतो, हें दाखवलें. त्यानें १९२४ सालीं त्याला ‘दक्षिणी आंदोलन’ असें नांव दिलें. पेरूच्या कोळ्यांचा तो उबदार प्रवाह आणि वॉकरचा तराजू हीं एकाच घटनेचीं दोन अंगें आहेत, हें जेकब बर्कनेस यानें १९६९ मध्यें जुळवून दिलें. धाता संवत्सरांतील प्रश्नाला उत्तर मिळावयास ९३ वर्षें लागलीं.

या ज्ञानानें १९७२ चा दुष्काळ टळला नाहीं. महाराष्ट्रांत तें सलग तिसरें वाईट वर्ष होतें, आणि पावसाची तूट जुन्या कुठल्याही मोठ्या दुष्काळाच्या तोडीची होती. पण या वेळीं खडी फोडण्याचीं, पाझर तलावांचीं, नाला-बांधांचीं आणि रस्त्यांचीं कामें गांवाजवळ निघालीं. १९७३ च्या मे महिन्यांत जवळजवळ पन्नास लक्ष माणसें या कामांवर होतीं. ज्यांनीं तो काळ पाहिला त्यांना सुखडी आणि परदेशांतून आलेला तांबडा मिलो आजही आठवतो. हाल झाले, गुरें मेलीं, मजुरी वेळेवर मिळाली नाहीं म्हणून मोर्चे निघाले. परंतु लाखांनीं माणसें मेलीं नाहींत. वि. स. पागे यांनीं १९६५ सालीं तासगांव तालुक्यांतील विसापूर येथें जी कल्पना लहान प्रमाणावर करून पाहिली होती, ती यांतूनच रोजगार हमी योजनेच्या रूपानें वाढली आणि १९७७ सालीं तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, हें आतां अधिकाऱ्याच्या मर्जीवर न ठेवतां हक्क म्हणून लिहिलें गेलें. १८७७ च्या जानेवारींत जे लोक काम सोडून घरीं निघाले होते, त्यांची मागणी बरोबर शंभर वर्षांनीं कायद्याच्या पुस्तकांत आली.

आतां सांप्रतच्या प्रश्नाकडे. ज्या १८९६ सालीं टिळक दुष्काळाचे नियम मराठींत आणत होते, त्याच वर्षीं स्वीडनमध्यें स्वांते अर्‍हेनिअस यानें हवेंतील कार्बन वायु दुप्पट झाला तर पृथ्वी किती अंशांनीं तापेल याचें गणित छापलें. त्याला त्यांत भय वाटलें नाहीं. थंड प्रदेशांत राहणाऱ्या माणसाला थोडी ऊब कशाला नकोशी होईल? आज ती ऊब मोजली जाते. १९ व्या शतकाच्या उत्तरार्धाच्या मानानें २०२४ हें वर्ष जवळजवळ दीड अंश सेल्सिअसनें उष्ण होतें, आणि तोंवरच्या नोंदींतील तें सर्वांत उष्ण. मध्य भारतांत एकाच वेळीं दूरवर कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग १९५० पासून २०१५ पर्यंत सुमारें तिपटीनें वाढले, असें पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं दाखवलें आहे. समुद्राची पातळी तर कांहीं शतकें चढतच राहणार; आज सर्व धुराडीं बंद केलीं तरी तें थांबत नाहीं, कारण समुद्र सावकाश तापतो आणि बर्फ सावकाश वितळतें. एवढ्यापुरता ‘अटळ’ हा शब्द खरा आहे.

पण १८७७ शीं तुलना करतांना एक मोठा फरक नजरेआड करून चालत नाहीं. त्या वेळची अनावृष्टि कोणी केलेली नव्हती. सूर्यही निर्दोष होता. आजची उष्णता मनुष्याच्या कोळशानें व तेलानें झालेली आहे, आणि ती आणखी किती वाढावयाची हें अजून ठरावयाचें आहे. दीड अंश आणि तीन अंश यांत जें अंतर आहे तें कोणत्याही ग्रहगोलाच्या हातांत नाहीं. दुसरा फरक असा कीं, ज्यांनीं कोळसा सर्वांत अधिक जाळला ते आणि ज्यांच्या शेतांत पाऊस चुकणार ते, हे एक लोक नव्हेत. माण-खटावच्या धनगरानें हवेंत किती धूर सोडला? त्याला कोणी ‘हें अटळ आहे’ असें सांगूं लागला, तर त्यानें सांगणारा कोण आहे हें आधीं पाहावें.

हवामानखात्याचें मुख्य कार्यालय १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आलें, आणि १९४४ सालीं दिल्लीस गेलें. तरी शिवाजीनगरांतील त्या दगडी इमारतीला पुणेकर अद्याप ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. प्रशांत महासागराच्या पाण्याची ऊब आतां उपग्रह व समुद्रांतील तरंगणारीं यंत्रें दररोज कळवतात, आणि एल निनो येत असल्याची वार्ता कित्येक महिने आधीं हातीं असते. २०२३ सालीं ती तशीच हातीं होती. त्या वर्षीं ऑगस्ट महिना १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत कोरडा गेला. ऑक्टोबरच्या अखेरीस महाराष्ट्र सरकारनें चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. जमीनमहसुलांत सूट, कर्जाच्या वसुलीस स्थगिति, विद्यार्थ्यांना परीक्षेची फी माफ, रोजगार हमीच्या कामांचे नियम सैल, आणि पाण्यासाठीं टँकर, अशा सवलतींची यादी त्याबरोबर निघाली. तालुक्यांच्या यादींत बारामती होती, जिच्यांत आज सुपें मोडतें. दौंड होतें. माढेंही होतें, ज्या तालुक्यांत तेव्हां आष्टीचा तलाव खणावयास लागले होते.